कसर

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत अडीच हजाराला घेतलं.
दुकानदार म्हणाला, आतलं सामान पुसून देऊ का?
मी म्हटलं, घाई आहे, राहू दे.
घाई नव्हती.

चालू केल्यावर वर नाव उमटलं : झरीन.
खाली तिची पुस्तकं –
किडनीच्या रुग्णांचा आहार,
लोकरीचे टाके, भाग दोन,
आणि एक खुनाची कादंबरी,
एक्याण्णव टक्क्यांवर थांबलेली.

त्यांच्याच खाली मी माझं भरलं :
मिठागरांचे जुने अहवाल, वाकडे स्कॅन केलेले,
हिशेबाच्या वह्या, मोडीतल्या,
सहा इंचांत न मावणाऱ्या.
डावा अर्धा वाचायचा, सरकवायचं,
उजवा येईस्तोवर डावा विसरायचा.
तक्त्याच्या तर वाटेलाच जाऊ नये :
किती मण ते एका पडद्यावर,
कोणाच्या पाठीवरून ते दुसऱ्या.

आणि मराठीचं काय सांगू.
रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो,
सुटलेली वेलांटी ठिपक्यांच्या गोलात एकटी उभी,
हळदीकुंकवाला चुकीच्या घरी आल्यासारखी.
पण अक्षर मोठं होतं.
सत्तेचाळिसाव्या वर्षी
मागितल्याबरोबर होणारी ही एवढी एकच गोष्ट.

भांडुपच्या बांधावर बसले होते भर दुपारी.
मोबाइल उन्हात काळाठिक्कर,
हे मात्र जितकं ऊन तितकं स्वच्छ.
कमळाकर भोईर फळीने मीठ ओढता ओढता थांबले,
काय हाय त्यात?
म्हटलं, तुमच्या आजोबांची सही.
सही नसंल, आंगठा आसंल.
बघितलं. अंगठाच होता.
त्यांनी त्यावर आपलं बोट टेकवलं
आणि पान उलटलं.
दोघंही दचकलो.
मग किती वेळ मी मागे-पुढे करत राहिले,
तो अंगठा काही लवकर सापडेना.

फातर्पेकर सरांचं लाल पेन प्रकरण तीनवर :
‘स्थान २३१४’ म्हणजे? पान नंबर द्या.
सर, याला पानं नसतात.
मग संदर्भही नसतो, बाई.

म्हणून एका आकड्यासाठी फोर्टातल्या लायब्ररीत.
म्हाप्रळकर शिडीवर चढले, शिंकले,
पुस्तक खाली दिलं तान्ह्या पोरासारखं, दोन हातांनी.
शेवटचा शिक्का त्र्याऐंशी सालचा.
दोनशे बारा आहे, दोनशे पंधरा आहे,
मधल्या पानाचा नेमका कोपरा
कसरीने खाल्लेला.
म्हणजे त्र्याऐंशीनंतर कोणी हात लावला नाही
असं म्हणता येत नाही.
म्हाप्रळकर म्हणाले, मोजा की बोटांवर,
सगळंच कुठे छापलेलं असतं?
मी मोजलं. दोनशे तेरा.
पेन्सिलीने लिहावंसं वाटलं त्या भोकाशेजारी.
नाही लिहिलं. त्यांची नजर होती.

रात्री प्रकरण चार उघडायचं होतं.
उघडली झरीनची कादंबरी.
तिने शेवटची अधोरेखित केलेली ओळ साधीच,
कुणाचातरी चहा निवला होता, एवढंच.
का केली असेल?
खुनाचा धागा तिला तिथे सापडला,
की नुसतीच तिची वाटी, तिचा कप, तिची खाट आठवली,
की बोट सरकलं आणि आपोआप रेघ पडली,
भोईरांच्या बोटाने पान उलटलं तशी?
आहाराच्या पुस्तकात मात्र तिने
मिठाखाली दोनदा रेघ मारली आहे.

अडीच वाजेपर्यंत उरलेले नऊ टक्के वाचले.
खुनी कोण ते लिहीत नाही इथे.
मग एकेक पान मागे, मागे,
चहा निवलेल्या ओळीपर्यंत आले,
आणि एक्याण्णववर ठेवून
यंत्र मिटलं.